न झोंबणारं औषध

त्वचारोगाच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं औषधं तयार केली. या काळात पेशंटांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली मागणी म्हणजे, "बाई, जरा झोंबणारं द्या." झोंबलं नाही तर औषध लागलं असं आमच्याकडे कोणाला वाटतच नाही. गजकर्णावर बॅटरीतलं पाणी लावून आलेला एक गृहस्थ मला अजून आठवतो. गजकर्ण गेलं होतं, पण त्याच्यासोबत चामडीही गेली होती. तरी माणूस खूश. "औषध पावरफुल होतं," म्हणाला, "फक्त थोडं जास्त झालं."

ज्या बाईंची हकीकत मी सांगणार आहे, त्यांना आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम न झोंबणारं औषध दिलं होतं. ते त्यांना पटायला बरेच महिने लागले. खरं सांगायचं तर त्यांच्याआधी ते मलाच पटायला हवं होतं, आणि मला उशीर झाला.

दवाखाना नागपूरच्या धंतोलीतल्या एका गल्लीत होता. डॉक्टर पाठक आत तपासायचे आणि चिठ्ठी लिहायचे. मी खिडकीमागे बसून ते औषध बनवायची. सत्तरच्या दशकात आजच्यासारखे ट्यूबांचे ढीग नव्हते. बरीचशी मलमं आम्ही काचेच्या जाड पाटीवर घोटायचो. व्हॅसलीनचा गोळा घ्यायचा, त्यात जस्ताची किंवा गंधकाची पूड थोडी थोडी टाकायची आणि चपट्या सुरीनं घोटत राहायचं. पूड बोटाला खरखरीत लागेनाशी झाली की मलम झालं. हात दुखायचा, पण मला ते काम आवडायचं. माझ्या मलमात कधी कण सापडला नाही, एवढा गर्व मी आजही बाळगून आहे.

होळी होऊन गेल्यावरचे दिवस होते. एक बाई पदरानं अख्खा चेहरा झाकून आल्या आणि बाकावर न बसता दाराजवळ फरशीवर बसल्या. सोबत त्यांचे यजमान होते, ते उभेच राहिले.

"बाई, बाकावर बसा ना," मी म्हटलं.

"नाही बाई, मी इथंच बरी आहो."

असं खाली, बाजूला बसणारं माणूस आमच्या दवाखान्यात आलं की मला पुढचं समजायचं. घरच्यांनी त्याला आधीच बाजूला बसवलेलं असायचं. त्या काळी महारोगाचे, म्हणजे कुष्ठाचे, पुष्कळ पेशंट यायचे. आजार बरा होतो हे डॉक्टर सांगत राहायचे, पण गावात आधी ताट वेगळं व्हायचं आणि मग माणूस.

या बाई म्हणजे यमुनाबाई. वय चाळीसच्या आसपास. खापरखेड्याला त्यांची खानावळ होती. पावर हाऊसमध्ये कामाला आलेली, बायकामुलं गावी असलेली माणसं त्यांच्याकडे दोन्ही वेळ जेवायची. यजमान गुलाबराव बाजार आणायचे, लाकडं फोडायचे, वाढायचे.

आत गेल्यावर पदर बाजूला झाला. गाल, नाक आणि हनुवटी लालभडक, त्यावर बारीक पुळ्या, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या दोऱ्यासारख्या शिरा. त्यांना पट्टी करायची असेल असं समजून डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"काय काय लावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिंबू लावलं. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. बेसनानं घासलं. मग लाल साबन, दिवसातून चारदा."

"आणि वावडिंगाचा लेप," गुलाबराव म्हणाले. "सावनेरच्या बुवानं सांगतला होता."

"आग होत होती का लावल्यावर?"

"लय. मले वाटलं, आग होते म्हंजे रोग निघून राहिला."

डॉक्टरांनी कापसाचा धागा काढला. यमुनाबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि तो धागा गालावर, कपाळावर, हातावर, कुठेही टेकवत गेले. जिथं टेकेल तिथं बोट ठेवायचं. महारोगात चामडी बधिर होते; त्या मात्र दर वेळी बरोबर बोट ठेवत होत्या. मग डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली आणि कानाच्या पाळ्या पाहिल्या. पाळीतून जरासा नमुना काढून तपासायला पाठवला. तो दोन दिवसांनी येणार होता, पण ते लगेच म्हणाले, "महारोग नाही. नमुन्यातही काही निघणार नाही."

यमुनाबाईंनी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आलं, आणि ते गालावर उतरलं तशी त्यांनी ओठ चावले. तेवढं पाणीसुद्धा झोंबत होतं.

"मग काय हाये जी?" गुलाबरावांनी विचारलं.

"याला रोझेशिया म्हणतात."

गुलाबरावांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "रोज येते म्हनून रोझेशिया का जी?"

डॉक्टर कमी हसायचे, तेव्हा हसले. मग त्यांनी मला आयुष्यभर पुरलेलं एक बौद्धिक दिलं. हा आजार कोणाचा कोणाला लागत नाही, कोणाच्या पापानं येत नाही, आणि मुळापासून जातही नाही, पण ताब्यात राहतो. अशा चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या लहानशा कारणानंही फुलतात. ऊन, चुलीची धग, उकळता चहा, तिखट, राग. वरून घासलं, साबण लावला, लिंबू पिळलं की आणखी चिडतात. "तान्ह्या लेकराचं तोंड धुतो तसं स्वतःचं तोंड धुवायचं. माठातलं पाणी, साबण नाही. जुन्या धोतराच्या तुकड्यानं नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. या सुशीलाबाई देतील ते साधं क्रीम, त्यात वास नाही, औषध नाही. आधी जबड्याजवळ लावून दोन दिवस बघायचं, मगच चेहऱ्यावर. उन्हात पदर पुढे आणि वर छत्री. पोटात घ्यायच्या कॅप्सूल देतो, त्या पुळ्यांसाठी."

"आन् औषध?" यमुनाबाईंनी विचारलं.

"हेच औषध."

बाहेर आल्यावर मी डबीत क्रीम भरत होते, तेव्हा त्या खिडकीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, डॉक्टर चांगले हायेत, पन या औषधात काही दम नाही वाटत मले."

मी हसले. मनातून मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही पेशंटला औषधाविना रिकाम्या क्रीमची डबी देऊन पाठवतोय, याची मला लाज वाटत होती.

महिन्याभरात पुळ्या थोड्या बसल्या, लाली मात्र होती तेवढीच. तोवर खानावळीचे एकोणीस मेंबर अकरावर आले होते. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. डबा दुसरीकडे लावला, एवढंच सांगायचे.

वैशाखात यमुनाबाई एकट्याच आल्या. डॉक्टर आठ दिवस गावाला गेले होते. दवाखाना बंद, मी फक्त जुन्या पेशंटांची औषधं द्यायला दोन तास उघडायची. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"दिराच्या पोराचं लगन हाये, बाई. आमच्या घरात मांडे माह्याच हातचे असतात. जाऊबाईनं निरोप धाडला. ये म्हने, पन मांड्याले हात लावू नोको." त्या थांबल्या. "लागत नाही असं डॉक्टरनं सांगतलं, ते मी तिले सांगतलं. ते म्हनते, मंग लाल काहून दिसते? काय सांगू मी तिले?"

"अजून थोडा धीर धरा."

"धीर धरतो ना बाई. पन लगन थांबन का? आठ दिवस चेहरा साफ ठेवनारं काही द्या. एवढं लगन निघून जाऊ द्या."

माझ्या मागच्या कपाटात स्टेरॉइडच्या मलमाच्या ट्यूब होत्या. कंपनीचे लोक नमुन्याला देऊन जायचे. इसबावर डॉक्टर ते मोजून देत, चेहऱ्यावर जवळपास कधीच नाही. त्यामागचं कारण मला अर्धवट माहीत होतं. ते मलम लावल्यावर लाली दोन दिवसांत कशी नाहीशी होते, हे मात्र मी पुष्कळदा पाहिलेलं होतं. मला त्यांची दया आली, हे खरं. पण नुसती दया नव्हती. इतकी वर्षं चिठ्ठीप्रमाणे घोटणाऱ्या बाईला एकदा आपल्या हातानं कोणाला बरं करून दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं आहे. मी एक ट्यूब काढून दिली. "लग्नापुरतीच," म्हटलं.

लग्न झाल्यावर गुलाबराव नागपूरला आले तेव्हा मुद्दाम दवाखान्यात डोकावले. चेहरा आरशासारखा झाला होता, जाऊबाई स्वतः चुलीपाशी घेऊन गेली होती, आणि उलट्या मडक्यावर यमुनाबाईंनी दोनशे माणसांचे मांडे काढले होते. त्यांनी माझ्यासाठी चार मांडे फडक्यात बांधून आणले होते. मी ते घरी नेऊन मुलांना मोठ्या तोऱ्यात खाऊ घातले. डॉक्टरांना काही बोलले नाही.

पुढे दोन-अडीच महिने यमुनाबाई आल्याच नाहीत. त्या बऱ्या झाल्या, असं मी धरून चालले.

पोळ्याच्या आधी दोघं आली. या वेळी पदर काढायला त्यांना वेळ लागला. चेहरा सुजलेला, चामडी चकचकीत आणि पातळ, तोंडाभोवती पुळ्यांचं जाळं, आणि लाली अशी की जवळ गेल्यावर धग लागावी. रात्री झोप लागत नाही, उशीला गाल टेकला की पेटतो, असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "ट्यूब कोणी दिली?"

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मेडिकलवाल्यानं देल्ली जी."

ते अर्धं खरं होतं. रिकामी ट्यूब दाखवली की दुकानदार दुसरी द्यायचा. लावणं थांबवलं की चेहरा भडकायचा, म्हणून त्या पुन्हा लावायच्या, आणि असं करता करता पाच ट्यूब झाल्या होत्या. पण पहिली कोणाची, हे त्या सांगणार नव्हत्या. गुलाबराव खाली बघत होते. म्हणजे घरूनच ठरवून आले होते.

"पहिली मी दिली," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी नोकरी गेली असं समजून उभी होते. ते मात्र यमुनाबाईंशीच बोलले. "मलम आजपासून बंद. आता आधी आणखी भडकेल. दोन-तीन आठवडे फार वाईट जातील. त्यानंतर उतरायला लागेल. या दिवसांत पुन्हा ट्यूब लावली तर सगळं पहिल्यापासून. जमेल?"

"तुम्ही सांगता तर जमवीन."

"तुम्हाला एकटीला नाही जमणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुशीलाबाई, दर रविवारी तुम्ही खापरखेड्याला जाऊन यांना पाहून यायचं. चेहरा निवेपर्यंत." यापेक्षा जास्त ते मला कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

पहिल्या रविवारी मी सकाळच्या बसनं गेले. यमुनाबाई मागच्या खोलीत ओलं फडकं चेहऱ्यावर टाकून बसल्या होत्या. डोळे सुजेनं अर्धे मिटलेले. मला बघून म्हणाल्या, "बाई, आज ट्यूब असती ना, तर मी अख्खी लावली असती. यायनं विहिरीत टाकून देल्ली." गुलाबराव स्वयंपाकघरात कणीक तिंबत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले.

मी जवळ बसले आणि म्हटलं, "यमुनाबाई, चूक माझी होती."

त्यांनी फडकं उलटवून गार बाजू गालाला लावली. "लगनातले ते चार दिवस मले पाह्यजेच होते, बाई. त्याचं मले काही वाटत नाही. नंतरचे तीन महिने नोको होते. त्यातले अर्धे माहे, अर्धे तुमचे." याहून न्याय्य वाटणी मला कोणी करून दिली नसती.

मेंबर सातच उरले होते. त्या दुपारी ते जेवायला आले. वाढणारे गुलाबराव, पण भाजी यमुनाबाईंनी केलेली, हे सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी पंगतीत जाऊन बसले. पाटवडीचा रस्सा आणि भाकर होती. समोर मोहोड नावाचे एक फिटर बसले होते, ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही दवाखान्यातल्या ना जी?"

"हो."

"मंग खरं सांगा. हे लागत नाही ना?"

"लागत असतं तर मी इथं जेवले असते का? मला घरी दोन मुलं आहेत."

"मंग झालं काय यायले?"

मी सांगितलं. मुळात काय आहे ते सांगितलं, आणि आज चेहरा असा दिसतोय तो आजारानं कमी आणि चुकीच्या मलमानं जास्त, हेही सांगितलं. मलम कोणी दिलं, तेही सांगितलं. मोहोडांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक दिली, "गुलाबराव, रस्सा आना गा अजून." कोणी उठून गेलं नाही. डॉक्टरांनी आजार लागत नसल्याचा दाखला लिहून दिला होता, तो भिंतीवर लावावा असं मी सुचवलं. यमुनाबाईंनी तो घडी घालून डब्यात ठेवला. "जेवन चांगलं असन तर लोक येतीन. दाखला वाचून कोनी जेवते का?"

तिसऱ्या रविवारी सूज उतरलेली दिसली. बसमध्ये परत येताना मी किती दिवसांनी पाठ टेकून बसले ते मलाच ठाऊक.

खरं काम मात्र नंतर यमुनाबाईंनीच केलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. चेहरा पेटला की त्या कॅलेंडरच्या त्या चौकोनात कोळशानं ठिपका द्यायच्या आणि तेव्हा काय करत होत्या ते लक्षात ठेवायच्या. डॉक्टर आणि मी तिखटाला दोष देत होतो. महिन्याभरानं त्यांनीच आम्हाला सांगितलं, "तिखटानं एवढं नाही होत. मी फुंकनी घेऊन चुलीत फुकतो ना, तवा होते. आन् कपातला चहा गरम गरम पेली की होते."

मग गुलाबरावांनी चूल मागच्या पडवीत हलवली, जिथं वारा होता. विटांचा ओटा रचून ती कमरेएवढी उंच केली आणि पुढे पत्र्याचा आडोसा लावला. फुंकण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दोन हात लांब दांडीचे झारे लोहाराकडून करून आणले. स्वयंपाक ऊन चढायच्या आत उरकायला लागला. यमुनाबाई चहा बशीत ओतून, गार होऊ देऊन प्यायच्या, आणि त्यावरून नवऱ्याची बोलणी खायच्या, कारण त्यांच्या मते तो चहा नव्हता, गोड पाणी होतं.

माझं काम एवढंच होतं की त्यांना नवीन काही लावू द्यायचं नाही. कोणी कोरफड सांगे, कोणी दुधाची साय, कोणी मुलतानी माती. मी दर रविवारी नाही म्हणायची. साधं क्रीम मात्र मी सुधारत गेले. पहिलं त्यांना जड वाटायचं, घामानं चिकचिक व्हायची. मग पाण्याचं प्रमाण वाढवून हलकं केलं, आणि आधी माझ्या स्वतःच्या गालावर लावून पाहिलं. थंडीत कोरडा वारा सुटला तेव्हा पुन्हा थोडं जाड केलं. या रिकाम्या क्रीमवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्याच औषधावर घेतली नाही.

दिवाळीपर्यंत मेंबर तेरा झाले. जाऊबाई एकदा आली आणि दोन दिवस भांडी घासून गेली. यमुनाबाईंनी तिला तेवढं करू दिलं. गाल गुलाबी राहिले, नाकाजवळच्या शिरा राहिल्या. त्या काही जाणार नव्हत्या. पण धग गेली होती.

संक्रांतीनंतर एका दुपारी यमुनाबाई दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी उजेडात चेहरा पाहिला, कॅप्सूल बंद केल्या आणि म्हणाले, "आता मला दाखवायला यायची गरज नाही. भडकला तरच या."

त्या बाहेर आल्या. बस दीड तासानं होती. दवाखान्यात मोजकी माणसं होती. त्या भिंतीकडच्या लांब बाकावर बसल्या, मग पाय वर घेतले, मग उजव्या कुशीवर आडव्या झाल्या. हातावर गाल टेकला आणि थोड्याच वेळात झोपल्या. पदर डोक्यावरून सरकला होता, चेहरा उघडा होता, आणि समोर बसलेले अनोळखी पेशंट त्यांच्याकडे बघतही नव्हते.

डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात आले, बाक पाहिला आणि हाक न मारता नुसता हात केला. त्यानंतर सगळ्यांना त्यांनी तसंच बोलावलं. मी काचेच्या पाटीवरची सुरी बाजूला ठेवली, कारण घोटताना ती वाजते.

बसच्या वेळेला मी त्यांना उठवायला गेले. गालावर बांगड्यांचे वळ उमटले होते. मी खांद्याला हात लावणार तेवढ्यात दारातून गुलाबरावांचा आवाज आला. बाजार आटोपून ते दोन पिशव्या घेऊन उभे होते.

"राहू द्या बाई," ते हळूच म्हणाले. "पाचची बस बी जाते खापरखेड्याले."